मनःशांतीची नवी बाजारपेठ

अध्यात्म, श्रद्धा आणि भावनिक जीवन यांवरील नव्या पुस्तकांच्या मांडणीपाशी हल्ली कोणत्याही ग्रंथप्रदर्शनात हटकून गर्दी दिसते. विद्वानांनी तिच्याकडे पाहून नाक मुरडावे, हे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कर्जाचे हप्ते, बदल्या, परीक्षा आणि एकटेपणा यांनी गांजलेला माणूस खिशातले तीनशे रुपये उगाच मोडत नाही.

प्रश्न आहे तो त्या पैशांत त्याच्या पदरी काय पडते हा. रॉन्डा बर्न यांचे ‘द सीक्रेट’ हे पुस्तक २००६ साली निघाले आणि पुढे मराठीतही आले. माणूस ज्याचा विचार करतो तेच त्याच्याकडे खेचले जाते, हे त्याचे सूत्र. आश्वासन वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु त्याची दुसरी बाजू तपासावी. धन विचाराने येत असेल, तर दारिद्र्यही विचारानेच आले असे म्हणणे भाग पडते. म्हणजे अवर्षणग्रस्त तालुक्यातील शेतकरी, १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेला गिरणी कामगार, तासिका तत्त्वावर राबणारा अध्यापक हे सारे आपापल्या दुर्विचारांचे बळी! बेकारीची इतकी स्वस्त मीमांसा आमच्या शास्त्रातही अद्याप कोणी केलेली नाही.

विनोबांची ‘गीताप्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. समोर बसलेल्या कैद्यांना त्यांनी सुटकेचा वायदा केला नव्हता. मनासारखे मिळविणे आणि मनाला वळण लावणे यांतील अंतर त्या श्रोत्यांना कळत होते. आजही तसे लेखन होतच नाही असे नव्हे. डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या प्रवर्तकाची कहाणी सांगते, आणि तीत चमत्काराचे आमिष नाही.

गतवर्षी एक विद्यार्थी माझ्याकडे आला. महिनाभर झोप नव्हती, अन्नावरची वासना उडाली होती. ग्रंथालयातून अशी तीन पुस्तके नेऊन त्याने वाचली होती. “सर, माझी श्रद्धाच कमी पडते,” असे तो म्हणाला. त्याला गरज होती डॉक्टरची. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मनोविकार आढळले. आणि उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के होते. एवढ्या मोठ्या पोकळीत पुस्तक शिरले, तर दोष केवळ पुस्तकाचा नाही.

तथापि दोन गोष्टी आजच करता येतील. महाविद्यालयांच्या ग्रंथखरेदी समित्यांनी अशी पुस्तके यादीवर टिचकी मारून न घेता निदान एक प्रत आधी वाचावी. आणि दुःखावर इलाज सांगणाऱ्या प्रकाशकांनी, ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक शेवटच्या पानावर द्यावा. त्यासाठी एक ओळ पुरते.