वेगाची किंमत कोण मोजतो?

यशस्वी चित्रपटाचा उत्तरभाग काढणे हा कलेपेक्षा व्यापाराचा निर्णय असतो. अपरिचित कथेत भांडवल गुंतविण्यापेक्षा प्रेक्षकांच्या ओळखीच्या नावावर ते गुंतविणे कमी जोखमीचे, हे हॉलीवूडच्या निर्मात्यांनी केव्हाच ओळखले आहे. रस्त्यावरील बेकायदा मोटारशर्यतींवर आधारलेला 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा चित्रपट २००१ साली सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर खर्चून तयार झाला आणि त्याने जगभर २० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमविला. त्याची मालिका होणार, हे त्याच वेळी ठरल्यासारखे होते. या मालिकेचा तिसरा भाग म्हणजे २००६ सालचा, जस्टिन लिन दिग्दर्शित 'टोकियो ड्रिफ्ट'. गल्ल्याच्या हिशेबात तो मालिकेत सर्वांत दुबळा ठरला. तथापि वेगालाही किंमत असते, ही गोष्ट जितक्या स्पष्टपणे त्याने मान्य केली, तितकी नंतरच्या भागांनी केली नाही.

शॉन हा अमेरिकन शाळकरी मुलगा बांधकाम चालू असलेल्या घरांच्या वसाहतीत शर्यत लावतो आणि अर्धवट उभी राहिलेली घरे जमीनदोस्त करतो. त्याच्याबरोबरची सधन मुले आईबापांच्या वजनामुळे सहीसलामत सुटतात. शॉनला मात्र तुरुंग टाळण्यासाठी टोकियोत, नौदलात असलेल्या वडिलांकडे धाडले जाते. तेथे हान नावाच्या इसमाने दिलेली मोटार तो पहिल्याच शर्यतीत बहुमजली वाहनतळाच्या भिंतींवर आपटून मोडीत काढतो. चित्रपटाचे खरे बलस्थान येथून पुढे आहे. मोडलेल्या मोटारीची भरपाई म्हणून शॉनला हानची कामे करावी लागतात. नुकसान झाले की कोणाच्या तरी नावावर कर्ज चढते आणि ते श्रमाने फेडावे लागते, हा साधा हिशेब या प्रकारच्या चित्रपटांत क्वचितच आढळतो.

दुसरे बलस्थान म्हणजे कौशल्याविषयीचा आदर. मागची चाके हेतुपुरस्सर घसरू देत मोटार आडवी करून वळण घेण्याची ही विद्या जपानच्या घाटरस्त्यांवर वाढली. ती घडविणाऱ्यांपैकी एक, केइची त्सुचिया, यांनी या चित्रपटास साहाय्य केले आणि एका छोट्या भूमिकेत ते पडद्यावरही दिसतात. शॉन ही विद्या एका रात्रीत शिकत नाही. तो चुकतो, आपटतो आणि पुन्हा शिकू लागतो.

उणिवाही तितक्याच ठळक आहेत. टोकियो हे या कथेत शहर नसून पडदा आहे. बरेचसे चित्रीकरण प्रत्यक्षात लॉस एंजेलिसमध्ये झाले. जपानी पात्रे सोयीस्करपणे इंग्रजी बोलतात, आणि बाहेरून आलेला अमेरिकन मुलगा अल्पावधीत स्थानिक अग्रणीला त्याच्याच घाटात हरवितो. स्त्रीला तर पहिल्याच शर्यतीपासून विजेत्याचे बक्षीस केले आहे. परंतु सर्वांत गंभीर उणीव शिबुयाच्या चौकात दिसते. तेथील पादचाऱ्यांची दाट गर्दी भरधाव मोटारींपुढे अलगद दुभंगते आणि कोणालाही खरचटत नाही. मोटारीच्या मालकाचे नुकसान मोजणारा चित्रपट पायी चालणाऱ्याला हिशेबातच धरत नाही. ज्या व्यवहाराचा लाभ दोघांना होतो आणि धोका मात्र तिऱ्हाइतावर पडतो, त्याची किंमत बाजारात नेहमीच खोटी ठरते. सार्वजनिक रस्त्यावरील शर्यत हा अशा व्यवहाराचा अस्सल नमुना होय.

सुमारे ८ कोटी ५० लाख डॉलर खर्चून काढलेल्या 'टोकियो ड्रिफ्ट'चा जगभरचा गल्ला १६ कोटी डॉलरच्याही आत राहिला. २००९ मध्ये जुने नायक परतले आणि मालिका सावरली. हे यश मुख्यत: ताऱ्यांच्या पुनरागमनाचे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच वेळी हिशेबाची वहीही बंद झाली. २०११ च्या 'फास्ट फाइव्ह'मध्ये भलीमोठी तिजोरी रिओच्या रस्त्यांतून फरफटत नेली जाते. २०१५ च्या सातव्या भागात मोटारी विमानातून खाली सोडल्या जातात. उद्ध्वस्त शहराची भरपाई कोण करणार, हे कोणी विचारीत नाही. 'टोकियो ड्रिफ्ट'मध्ये अपघातात मेलेला हानसुद्धा २०२१ च्या नवव्या भागात जिवंत होऊन परततो. म्हणजे मृत्यूचे देणेही माफ झाले! सातव्या भागाने मात्र दीडशे कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला.

पडद्याबाहेर अशी माफी नसते. या मालिकेचा एक नायक पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात मोटार अपघातात मरण पावला. तो मोटार चालवीत नव्हता. शेजारी बसला होता. चालविणारा मित्रही गेला. पोलिसांच्या तपासाने अतिवेग हेच कारण दिले. सातव्या भागाचा शेवट त्याला भावपूर्ण निरोप देतो, आणि तो पाहताना प्रेक्षकांचे डोळे पाणावले यात नवल नाही. परंतु त्या निरोपात वेगाविषयी एक शब्दही नाही.

करमणुकीने नीतिपाठ द्यावा, असा आग्रह कोणी धरू नये. वेगाचा आनंद खरा आहे आणि तो पडद्यावर लुटण्यात गैर काही नाही. तथापि उत्तरभाग कसा हवा, हे अखेर तिकीट काढणारा ठरवितो. ज्या भागात मोडलेल्या मोटारीचे देणे फेडावे लागले त्याकडे त्याने पाठ फिरविली, आणि जेथे सारे फुकट होते तेथे रांगा लावल्या. निर्मात्यांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. दोष एकट्या निर्मात्यांच्या माथी मारून प्रेक्षकांची सुटका होणार नाही.