रँचो, वेडा आणि कारागीर

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात, फुलसावंगी या गावी, एका तरुणाचा मृत्यू झाला. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगची कामे करणारा हा तरुण स्वतः घडवलेल्या एका आसनाच्या हेलिकॉप्टरची रात्री चाचणी घेत होता. मागील पाते निखळून मुख्य पात्यावर आदळले आणि ते मुख्य पाते त्याच्या डोक्याला लागले. यंत्र जमिनीवरच होते.

दुसऱ्या दिवसापासूनच्या बातम्यांत एक शब्द सर्रास आढळला: 'रँचो'. संदर्भ अर्थातच 'थ्री इडियट्स' (२००९) या चित्रपटाचा. साहित्याचे वाचक म्हणून आम्हांला हे रूपक खटकते. त्याच चित्रपटात उडते यंत्र घडवणारा मूळ विद्यार्थी रँचो नव्हेच. तो जॉय लोबो. त्याला मुदतवाढ नाकारली जाते आणि त्याचे यंत्र अखेर उडते तेव्हा तो जिवंत नसतो. फुलसावंगीच्या घटनेला जवळचे पात्र कोणते, हे उघड आहे. परंतु आपल्या स्मरणात विजयी नायक तेवढा उरला.

संशोधकाविषयीची आपली भाषाच दरिद्री आहे, असे आमचे मत आहे. प्रयत्न चालू असताना तो 'नसते उपद्व्याप करणारा'. यश मिळाले की 'अवलिया'. मेला की 'रँचो'. 'खटपट' या शब्दातही उद्योग आणि कारस्थान हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, हे पुरेसे बोलके आहे. या शब्दांत सहकारी, परीक्षक किंवा चूक दाखवणारा मित्र यांना जागाच नाही.

वस्तुतः राइट बंधूही सायकलींचे कारागीरच. परंतु १८९९ मध्ये विल्बरने स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीचे साहित्य मागवले, आणि संस्थेने ते पाठवले. पुढे ऑक्टाव्ह शनूटसारख्या जाणत्या अभियंत्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. १९०१ मध्ये त्यांनी वातबोगदा उभारून पंखांच्या आकारांची मोजमापे घेतली. १७ डिसेंबर १९०३ च्या बारा सेकंदांमागे ही चार वर्षे आहेत. आपण मात्र ते बारा सेकंदच मुलांना सांगतो.

आपल्याकडील दंतकथा तर याहूनही सोयीची. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, असे अभिमानाने सांगितले जाते. त्याला समकालीन विश्वसनीय पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला यासंदर्भात दिला जातो, त्यातील विमाने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला होता. याउलट कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर खरोखरीचे विमान बांधले, आणि त्याची अधिकृत नोंदणी होण्यास २०१७ उजाडले. कल्पित विमानाचा गौरव सुकर आणि लोखंडाच्या विमानाची वाट बिकट, असा हा उफराटा न्याय आहे.

कोणी म्हणेल, नियम नसते तर आणखी बळी गेले असते. मान्य. फिरत्या पात्यापासून चाचणी घेणाऱ्याने दूर राहावे, इतकी साधी शिस्तही जीव वाचवते. म्हणूनच आमची मागणी नियम शिथिल करण्याची नाही. ती शिस्त शिकवणारा माणूस वेल्डिंगच्या दुकानापर्यंत पोहोचावा, एवढीच आहे. तालुक्यातालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांची दारे प्रवेश न घेतलेल्या कारागिराच्या प्रश्नांसाठी आठवड्यातून एक दिवस उघडणे अशक्य नाही.

आणि साहित्य? १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी टोपणनावाने विज्ञानकथा स्पर्धेत भाग घेतला, तेव्हापासून मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली. पण तिचा नायक बहुधा प्रयोगशाळेतलाच राहिला. पत्रा कापणारा, ठिणग्यांत डोळे चोळणारा, हिशेब चुकणारा आणि पुन्हा मांडणारा कारागीर आपण अजून पुरेसा लिहिलेला नाही. त्याच्यासाठी आपल्याजवळ गोष्ट नव्हती, म्हणून आपण त्याला उसनी गोष्ट दिली. तीही चुकीच्या पात्राची.