शिक्षा संपली, कलंक कधीं संपणार?

सरकारी नोकरीसाठीं निवड झालेल्या उमेदवारास साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. आपणांस कधीं अटक, दंड अगर शिक्षा झाली आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यांत असतो. आणि मागाहून पोलिसांकडून चारित्र्य-पडताळणी होते. अशी चौकशी होण्यास आमची हरकत नाहीं. ज्याच्या हातीं बंदूक, खजिना किंवा राज्याचीं गुपितें द्यावयाचीं, त्याचें पूर्वचरित्र सरकारनें पाहिलेंच पाहिजे. परंतु त्या प्रश्नांतील ‘कधीं’ या शब्दास काळाची मर्यादाच नाहीं, इकडे विचारी वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

परतवाड्यास हा वाद नुसता पुस्तकी नव्हे. या तालुक्यांतील व मेळघाटांतील शेतकऱ्या-मजुरांच्या मुलांस पोलीस, सैन्य व वनखातें हींच अब्रूच्या भाकरीचीं दारें होत. अशा मुलास विसाव्या वर्षीं मोर्चांतील घोषणांबद्दल, बांधावरच्या मारामारीबद्दल किंवा १९२७ च्या वनकायद्याखालीं शिक्षा झाली, तर ती नोंद त्याचा पिच्छा सोडीत नाहीं. पारध्यांची अवस्था याहून कठीण. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाहीं. चोरी कोठेंही होवो, ज्याच्या पालाकडे पहिलें बोट दाखविलें जातें, त्याची नोंद कोरी राहावी कशी ?

सर्वोच्च न्यायालयानें या बाबतींत विवेक दाखविला आहे. दिल्ली पोलिसांतील एका उमेदवाराच्या प्रकरणीं २०११ सालीं न्यायालयानें, तरुणपणींच्या किरकोळ चुकांकडे क्षमाबुद्धीनें पाहावें, असें सांगितलें. पुढें २०१६ सालीं अवतारसिंग प्रकरणांत तीन न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, कोंवळ्या वयांतील घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब उमेदवारानें लपविली असली, तरी ती अधिकाऱ्यास आपल्या विवेकानें सोडून देतां येते. मात्र त्याच निकालाप्रमाणें, ज्यानें सर्व कांहीं खरें सांगितलें त्यालाही नेमणूक मागण्याचा हक्क पोंचत नाहीं. त्याचें पूर्वचरित्र अधिकाऱ्यानें तोलावयाचें. म्हणजे हा विवेक शेवटीं अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिला. सत्य बोलून दार बंद होण्याचें भय असेल, तर तरुण सत्य बोलण्यास धजणार कसे ?

आतां दुसरी बाजू पाहा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणें दोन वर्षें किंवा अधिक शिक्षा झालेल्या पुढाऱ्याची अपात्रता सुटकेनंतर सहा वर्षांनीं संपते. मग तो पुन्हां निवडणुकीस उभा राहून मंत्रीही होऊं शकतो. कायदे करणाऱ्यास मुदत आहे. आणि त्याच्या कचेरींत शिपाई होऊं पाहणाऱ्यास मात्र नाहीं! हा न्याय कोणत्या तराजूचा ?

शिक्षेचा डाग पुसण्याचें तत्त्व आमच्या कायद्यास अपरिचित नाहीं. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानें, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या अपराध्यास दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता लागूं नये, असें म्हटलें आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें, घोर गुन्ह्यांचा अपवाद ठेवून, मुलांच्या बाबतींत तेंच केलें. इंग्लंडांत १९७४ पासून ठराविक मुदत निर्दोष गेली कीं बऱ्याच जुन्या शिक्षा गतार्थ समजल्या जातात. नाजूक जागांपुरता अपवाद तेथेंही आहे.

आमची मागणी इतकीच कीं, संसदेनें असाच कायदा करावा. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणें मुदती ठरवाव्या. खून, बलात्कार, देशद्रोही हेरगिरी, लांचलुचपत असे अपराध आणि संरक्षणाच्या गुप्त जागा यांस वेगळी व कडक कसोटी ठेवावी. नकार द्यावयाचा तर तो कारणांसह लेखी असावा, व त्यावर अपील असावें.

पूर्वीं ज्यांस परकीय सरकारनें तुरुंगांत घातलें, त्यांस १९७२ पासून स्वतंत्र भारतानें निवृत्तिवेतन दिलें. तुरुंगवास हीच त्यांची पात्रता ठरली. यावरून प्रत्येक कैदी देशभक्त ठरतो असें कोणी म्हणणार नाहीं. पण शिक्षा कशाबद्दल, कोणत्या वयांत व किती काळापूर्वीं झाली, हें पाहिल्यावांचून नुसत्या नोंदीवरून माणूस ओळखतां येत नाहीं, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें. न्यायाधीशानें सहा महिन्यांची शिक्षा दिली असतां कारकुनानें ती जन्मठेपेइतकी लांबवावी, हें कायद्याचें राज्य नव्हे.