शिलालेख आणि लोकाचार

चौकाहून व्यापारानिमित्त मुंबईस जाणारे आमचे बंधू कोटातील पेढ्यांच्या पायऱ्या नित्य झिजवितात. परंतु तेथील सेंट थॉमस कॅथीड्रलात किती जण शिरतात? हे प्रार्थनामंदिर १७१८ साली खुले झाले. चर्चगेट हे नावही त्याच्यावरूनच पडले. परधर्मीयांचे म्हणून बाहेरूनच परतणे शहाणपणाचे नव्हे.

आत, १८११ साली वारलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक आहे. काशी व काठेवाड येथील बालहत्या बंद झाली, अशी ग्वाही त्यावर कोरलेली आहे. दगड बोलला, पण लोकाचार बधला नाही! १८७० साली सरकारास कन्याहत्येविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे गर्भलिंगनिदानास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली व देशाने १९९४ साली कायदे केले. म्हणजे पातक पाळण्यातून निघून गर्भापर्यंत पोहोचले.

कायदा हवाच, परंतु जेथे मुलाचे पेढे गावभर आणि मुलीची बर्फी घरापुरती, तेथे तो एकटा काय करणार? सबब आमची विनंती इतकीच की, पुढील खेपेस मुलांमुलींसह ते स्मारक पाहावे, आणि दगडावर खोटे ठरलेले ते वाक्य निदान आपल्या उंबरठ्याच्या आत तरी खरे करावे.