शिवी फुल्यांत नसते, व्याकरणात असते

मराठी छापील मजकुरात शिवी आली की तिच्या जागी फुल्या टाकायची जुनी पद्धत आहे. वाचणाऱ्याला शिवी बरोबर कळते आणि छापणाऱ्याचे सोवळेही शाबूत राहते. इंटरनेटवर हे फुल्या टाकण्याचे काम आता यंत्राकडे गेले आहे. त्याला फिल्टर म्हणतात. त्याच्याकडे वाईट शब्दांची एक यादी असते. यादीतला शब्द दिसला की मजकूर अडतो, लपवला जातो किंवा लिहिणाऱ्याचे खाते काही दिवस बंद पडते.

या फिल्टरला चकवणे किती सोपे आहे, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. अक्षराच्या जागी आकडा टाकायचा, शब्दाच्या मध्ये टिंब द्यायचे, दोन अक्षरांत जागा सोडायची, नाहीतर मराठी शिवी रोमन लिपीत लिहायची. रोमन लिपीत मराठीचे ठरलेले शुद्धलेखन नाही, त्यामुळे एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिता येतो. यादीत त्यातली एक तऱ्हा असते, उरलेल्या तीन मोकळ्या फिरतात.

पण आमचा मुद्दा या चलाखीपेक्षा मोठा आहे. आमचे स्पष्ट म्हणणे असे, की जातीय अपमान करायला मराठीत शिवीची गरजच पडत नाही. तो अपमान वचनात, लिंगात आणि प्रत्ययात बसलेला आहे. म्हणून शब्दांची यादी घेऊन बसलेला फिल्टर अपमान करणाऱ्याला सोडतो आणि त्या अपमानाविरुद्ध बोलणाऱ्याला धरतो.

आधी यादीचे पाहू. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या कंपनीत खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली होती. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपल्या राज्याचे नाव. 'महार' ही अक्षरे जशीच्या तशी अडवायला यंत्राला सांगा, ते 'महाराष्ट्र' अडवेल, 'महाराज'ही अडवेल. हसू येईल, पण पुढचे पाहा. ते महार रेजिमेंट अडवेल, जी 1941 मध्ये उभी राहिली. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात आणलेल्या विधेयकाविषयी लिहिणारा विद्यार्थीही त्यात अडकेल. शिवी म्हणून वापरलेला शब्द आणि इतिहास म्हणून लिहिलेला शब्द यांत यंत्राला फरक दिसत नाही.

आता उलट बाजू. आंबेडकरी माणसाला हिणवण्यासाठी 'भीमटा' हा शब्द घडवला गेला. आम्ही तो फुल्या न टाकता लिहितो, कारण तो कसा चालतो हे दाखवायचे आहे. समजा हा शब्द यादीत घातला. मराठीत नाम विभक्तीत गेले की त्याचे सामान्यरूप होते. 'टा'चा 'ट्या' होतो: भीमट्याला, भीमट्यांचे, भीमट्यांनो. यंत्राच्या दृष्टीने ट, काना ही चिन्हे आणि ट, हलन्त, य ही चिन्हे वेगळी आहेत. म्हणजे कुणीही काही चलाखी न करता, केवळ शुद्ध मराठी व्याकरणाने तो शब्द फिल्टरच्या हातून निसटतो. शिवाय '-टा', '-डा', '-ट्या' हे तुच्छतेचे प्रत्यय कुठल्याही नव्या नावाला लावता येतात. एक शब्द बंद केला तर रात्रीतून दुसरा तयार होतो. शब्दांची यादी संपेल, प्रत्यय संपत नाही.

याच्याही पुढे जाऊ. 'आंबेडकर म्हणाला.' या दोन शब्दांत शिवी कुठे आहे? एकही नाही. पण त्याच लेखात बाकी सगळे पुढारी 'म्हणाले' असतील आणि एकटे बाबासाहेब 'म्हणाला' असतील, तर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो. आदरार्थी अनेकवचन कुणाला द्यायचे आणि कुणाला नाकारायचे, हे गावगाड्याने ठरवून टाकले होते. सवर्णाच्या दहा वर्षांच्या पोराने साठ वर्षांच्या महाराला 'अरे' म्हणायचे आणि त्या म्हाताऱ्याने त्या पोराला 'जी' म्हणायचे. घरात ज्याचे नाव कौतुकाने ठेवले, त्याला गावात 'या' लावून हाक मारली जायची. मित्राने मित्राला 'गण्या' म्हणणे वेगळे आणि पाटलाच्या पोराने म्हाताऱ्याला तसे म्हणणे वेगळे. प्रत्यय तोच आहे. फरक बोलणाऱ्याच्या हातातल्या सत्तेचा आहे, आणि सत्ता अक्षरांत दिसत नाही.

लिंगाचेही तसेच. मराठीत तीन लिंगे आहेत आणि तिसऱ्याचा उपयोग माणसाला वस्तूच्या पातळीवर आणायला होतो. 'हे कोण आलंय?' 'ते बघ, बोलायला लागलं.' हिंदीत नपुंसकलिंगच नाही. हिंदीवरून बेतलेल्या यंत्राला हा अपमान दिसणार कसा? आणि हिंदीची तरी अवस्था काय होती? 2021 मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. हिंदी आणि बंगाली ओळखणारी यंत्रणा नसल्याने मुस्लिमविरोधी मजकूर मोठ्या प्रमाणात नजरेतून सुटतो, हे त्या कंपनीच्याच माणसांनी लिहून ठेवले होते. कोट्यवधी लोकांच्या हिंदीची ही गत, तर मराठीतल्या एकवचनाकडे कोण बघतो?

काही अपमान तर गोड शब्दांतून येतात. 1938 मध्ये मुंबई विधानसभेत 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याला बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी विरोध केला आणि सभात्याग केला. जगातला कुठला फिल्टर 'हरिचे जन' हे शब्द अडवेल? आजचे गोड शब्द म्हणजे 'सरकारी जावई', 'कोटा', 'गुणवत्ता'. 'तुमचं बरं आहे बाबा, चाळीस टक्क्यांत काम होतं,' या वाक्यात एकही असभ्य शब्द नाही. पण वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात हे वाक्य वाचून जी मुलगी त्या दिवसानंतर गटात एक ओळ लिहीत नाही, तिला विचारा ते वाक्य सभ्य होते का.

आणि तिने उत्तर दिलेच तर? तिने जातीचे नाव घेऊन सांगितले, की मला अमुक म्हणून हिणवले, तर फिल्टर तिची तक्रार अडवतो, कारण तो शब्द तिच्या वाक्यात आहे. यंत्र नसेल तिथे गटाचा चालक असतो आणि त्याचा नियम असतो, 'इथे जातीचा विषय नको.' हा नियम निष्पक्ष दिसतो, पण तो ज्याच्यावर जात लादली गेली त्याचेच तोंड बंद करतो. ज्याला जातीचा फायदा मिळतो त्याला तिचे नाव घ्यायची गरज कधी पडते? शिवीगाळ करणारा आणि शिवीगाळ झाली असे सांगणारा, दोघांनाही एकाच दंडाने हाकणे म्हणजे न्याय नव्हे.

हाच न्याय लावायचा तर दलित साहित्याचे काय? 1972 मध्ये आलेला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आज कुणी ओळीओळीने टाकू लागला तर किती ओळी टिकतील? ज्या भाषेला तेव्हा पांढरपेशा समीक्षकांनी नाके मुरडली, तिच्यावर आता यंत्र नाक मुरडते. सोवळे तेच आहे, फक्त पुजारी बदलला.

कुणी म्हणेल, मग काय, प्रत्येक वाक्याचा हेतू तपासत बसायचे? होय, तेच करायचे. कायदा तेच करतो. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा 1989 चा आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर त्यात सार्वजनिक दृष्टिपथात हेतुपुरस्सर अपमान करणे, जातीच्या नावाने शिवीगाळ करणे आणि समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दांनी अनादर करणे, असे वेगवेगळे गुन्हे सांगितले आहेत. 2008 च्या स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'चमार' या शब्दाबद्दल सांगितले, की त्याची व्युत्पत्ती पाहू नका, आज लोक तो कोणत्या अर्थाने वापरतात ते पाहा. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटवरून केलेला जातीय अपमानही या कायद्याच्या कक्षेत येतो असे म्हटले. न्यायालयाला संदर्भ पाहता येतो, तर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्यांना का पाहता येऊ नये?

आता आपल्या तरुणांशी दोन शब्द, आणि ते गोड नाहीत. जातीय शिवीला उत्तर म्हणून आपलीही काही पोरे फिल्टर चुकवून समोरच्याच्या आई-बहिणीवर घसरतात. मध्ये टिंब टाकले म्हणून ती शिवी कमी घाण होत नाही. ज्या स्त्रीचा त्या भांडणाशी काही संबंध नाही, तिच्या देहावरून वाद जिंकायचा, ही मनुस्मृतीचीच रीत झाली. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जे जाळले, ते मोबाइलच्या पडद्यावर पुन्हा लिहू नका. अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. कठोर, शिवराळ वाणीला पालीत 'फरुसा वाचा' म्हणतात आणि ती टाळायला भगवान बुद्धाने सांगितले. याचा अर्थ मवाळ व्हा असा नाही. बाबासाहेबांइतके जहाल कोणी लिहिले? पण त्यांना त्यासाठी शिवी लागली नाही, त्यांना पुरावा पुरला.

म्हणून पुराव्याची सवय लावा. अपमान दिसला की चित्र काढून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. दुवा, तारीख, वेळ आणि आजूबाजूचा संवाद जपा, कारण अपमान एका शब्दात नसून त्या संवादात असतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, हे लक्षात ठेवा आणि मूळ फोन सांभाळा. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मोठ्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीत व्याकरण समजावून सांगा: इथे एकवचन का अपमान आहे, इथे हा प्रत्यय कुठून आला. त्याने ऐकले नाही तर अपील समितीकडे जा.

आमच्या मागण्या तीन आहेत. मराठी मजकुराचा निवाडा मराठी जाणणाऱ्या माणसांनी करावा आणि त्या माणसांत आपल्या समाजातली माणसे असावीत. जातीचे नाव घेणे आणि जातीवरून हिणवणे यांत नियमानेच फरक करावा. ज्याने तक्रार केली त्याचेच खाते बंद झाले, तर त्याला लेखी कारण मिळावे.

आणि एक गोष्ट कुणाकडे मागायची नाही, ती आपली आपण करायची. 'जोहार' टाकून आपण 'जय भीम' घेतला, तेव्हा कुठल्या यंत्राची परवानगी घेतली नव्हती. एका अभिवादनाने वाकलेली मान सरळ केली. तेव्हा आपल्या इतिहासातल्या शब्दांवर, जातीच्या नावावर, अत्याचाराच्या वर्णनावर, स्वतःच्या हाताने फुल्या टाकू नका. अडवायचे त्याला अडवू द्या. आपण पूर्ण शब्द लिहू, आणि आपल्या माणसांचे क्रियापद आदरार्थी अनेकवचनीच लिहू.

जय भीम! जय संविधान!