प्लग धुऊन इंजिन बरं होत नाही

‘प्लग साफ करा आणि गाडी सोडा.’ जुना सीएनजी टेम्पो मिस मारायला लागला की मालकाची ऑर्डर बहुधा एवढीच असते. मिस्त्री प्लग काढतो, पेट्रोलमध्ये धुतो, पॉलिशपेपर मारतो, गॅप बघतो. गाडी सुटते. थोड्याच दिवसांत तीच गाडी, तोच सिलिंडर आणि तोच काळा, चिकट प्लग पुन्हा गॅरेजच्या दारात. ही दुरुस्ती नव्हे; ताप आला म्हणून थर्मामीटर धुऊन ठेवण्यातला प्रकार आहे.

सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या ट्रकवाल्याला हा विषय परका वाटेल. त्याची गाडी डिझेलची, आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. पण एके काळी ट्रकही पेट्रोलवर धावत. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायसलरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो नावांचे ट्रक रस्त्यावर आणले. १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक आले आणि मोठ्या गाड्यांमागची प्लगची कटकट हळूहळू सुटली. ती आता छोट्या मालवाहू गाड्यांत परतली आहे. मार्केट यार्डातून कांदा घेऊन निघणाऱ्या, नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे वाहणाऱ्या टेम्पोंपैकी जे पेट्रोल-सीएनजीवर चालतात, त्यांचं जुनं इंजिन ऑइल खायला लागलं की पहिली खबर प्लगच देतो.

ती खबर वाचता येते. पेट्रोलचं मिश्रण जास्त होत असेल तर प्लगवर कोरडी काजळी बसते, बोटाने पुसली तर निघते. ऑइलचा थर ओला, चकचकीत आणि चिकट असतो. पुसायला गेलं तर बोटभर पसरतो. सीएनजी तर कोरडं इंधन. त्यावर चालणाऱ्या गाडीचा प्लग एरवी स्वच्छ, फिकट रंगाचा निघतो. म्हणून सीएनजीवरच्या गाडीचा प्लग तेलकट काळा निघाला, तर इंधनाला दोष देण्यात अर्थ नाही. ऑइल वर येतंय, एवढं नक्की.

येतंय कुठून, हा खरा प्रश्न, आणि तो विचारायचा कंटाळाच महागात पडतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टला भपकन निळा धूर येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर: रात्रभर गाइडमधून ऑइल झिरपलेलं असतं. चढावर, लोडमध्ये सतत निळा धूर निघत असेल आणि ब्रीदरमधून वाफारा येत असेल, तर रिंगा आणि बोअर बघावा लागतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबल्यानेही ऑइल इनटेकमध्ये ओढलं जातं. तो साफ करणं हे सगळ्यांत स्वस्त काम, आणि बहुतेक वेळा तेच राहून जातं.

संशय पक्का करायला हेड उतरवावं लागत नाही. सगळे प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवायचा. ज्याचा कमी आला, त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा उचलला तर रिंगा झिजल्या. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. आकडे सगळीकडे चांगले आणि तरीही प्लग ओला, तर बोट पुन्हा सीलकडेच जातं. हे कळल्याशिवाय ‘हाफ इंजिन करू’ म्हणणाऱ्याला होकार देऊ नये. नुसते सील गेले असतील तर बऱ्याच इंजिनांत हेड जागेवर ठेवूनही बदलता येतात. प्लगच्या भोकातून हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात.

याऐवजी चालतात ते जुगाड. ‘गरम’ प्लग टाकला की त्याच्यावरचं ऑइल जळून जातं, हे खरं. पण भर लोडमध्ये हाच प्लग जास्त तापून स्पार्कच्या आधीच पेट धरतो आणि पिस्टनला भोक पडू शकतं. जाड ऑइल ओतलं की मे महिन्यात धूर कमी दिसतो, इतकंच. झिजलेली रिंग जाड ऑइलने भरून येत नाही.

टेम्पोवाल्याची अडचण खोटी नाही. गाडी दिवसभर गॅरेजला उभी म्हणजे भाडं बुडालं आणि हप्ता अंगावर. सरकारी तपासणी त्याला जागं करेल म्हणावं, तर पीयूसीत पेट्रोल-सीएनजी गाडीचं मोजमाप होतं प्रामुख्याने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचं, तेही गाडी आयडलला उभी असताना. सकाळचा निळा भपका तोवर हवेत विरलेला असतो, प्रमाणपत्र हातात पडतं. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचं नाव आहे, हे इथे आठवायला हवं. जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी करतो. मग उरलेले विषारी वायूही तसेच बाहेर पडतात.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावंच लागतं. त्याच खेपेला गाडी थंड असताना स्टार्ट करून धूर बघणं आणि कॉम्प्रेशनचे आकडे नोंदवणं सक्तीचं करायला परिवहन खात्याला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. तोवर मालकांनी एक करावं: किती किलोमीटरला किती ऑइल टाकलं ते लिहून ठेवावं, आणि प्लगचे पैसे देताना बिलावर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे मागून घ्यावेत.