ओट्सचा वाडगा आणि आजीच्या कण्या

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला... विषयही पोटाचाच आहे!

थर्ड इयरला आल्यापासून मी सकाळी ओट्स खाते. त्याआधी झोप, मेसची रांग आणि पहिलं लेक्चर या तिघांच्या भांडणात नाश्त्याचाच बळी जायचा. एकदा प्रॅक्टिकलला उपाशीपोटी चक्कर आली आणि ठरवलं, आता आपलं आपण शिजवायचं. होस्टेलच्या पॅन्ट्रीत शेगडी आहेच. अर्धी वाटी ओट्स, दीड वाटी पाणी, चिमूटभर मीठ. मंद आचेवर पाच मिनिटं ढवळायचं, वरून थोडं दूध, गूळ, केळं. झालं! दुपारपर्यंत पोटाची तक्रार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या ऐटीत आजीलाही करून दिले. तिने एक चमचा खाल्ला आणि म्हणाली, "हे तं आपल्या कण्याच होय वं माय! पण चव नाही याले."

सगळे हसले, मीही हसले. मग मात्र लाज वाटली. लहानपणी मी ज्वारीच्या कण्या ताक घालून आवडीने खायचे. पण शाळेत डब्यात भाकर नेली तेव्हा मुली हसल्या. त्या दिवसापासून भाकर सुटली, कण्याही सुटल्या आणि आईकडे ब्रेडचा हट्ट सुरू झाला.

गंमत बघा. ओट्स म्हणजे आपल्याकडची जई. भारतात ती मुख्यतः जनावरांच्या वैरणीसाठीच पेरतात! सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात ओट्सवरून स्कॉटिश लोकांना टोमणा मारला होता, की इंग्लंडमध्ये जे घोड्यांना घालतात ते स्कॉटलंडमध्ये माणसं खातात. स्कॉटिश लोकांनी म्हणून काही आपली लापशी सोडली नाही. आम्ही मात्र चार मुली हसल्या म्हणून ज्वारी सोडली.

आता इंजिनिअरच्या नजरेने पाहू. ओट्स पाच मिनिटांत का शिजतात? कारण फॅक्टरीत ते आधीच वाफवून, रोलरखाली चपटे केलेले असतात. कण्यांना मात्र ज्वारी ओलवा, कांडा, भरडा आणि मग निवांत शिजवा. म्हणजे फरक धान्याचा कमी, प्रोसेसचा जास्त! हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेने ज्वारीचेही पोहे, म्हणजे फ्लेक्स, तयार केले आहेत. आपल्या मेकॅनिकलवाल्यांना प्रोजेक्टसाठी हा विषय काय वाईट आहे?

ओट्स वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यातल्या बीटा-ग्लुकनने कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. पण ज्वारीतही भरपूर तंतू आहेत, ग्लुटेन नाही, आणि किलोभर ओट्सच्या पैशात दोन-तीन किलो ज्वारी सहज येते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे कापूस आणि सोयाबीन. बाबा म्हणतात, ज्वारी पेरली तर आधी पाखरं आणि रानडुकरं जेवतात, उरली तर भावाचा भरवसा नाही. त्यांचं चुकत नाही. पण खाणारेच नसतील तर पेरणार कोण? भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. वर्ष आलं आणि गेलं, आपल्या मेसचं ताट होतं तसंच राहिलं.

म्हणून मेस कमिटीला आणि वॉर्डन मॅडमना विनंती, आठवड्यातून एक सकाळ कण्यांची ठेवा. एकेकटीला पॅन्ट्रीत जे जमत नाही ते मेसच्या मोठ्या पातेल्यात सहज जमेल. आणि आपण मुलींनी काय करायचं? वाढल्यावर नाक मुरडायचं नाही, एवढंच!

तोवर पुढच्या सुट्टीत मी आजीकडून कण्या भरडून आणते. एखाद्या रविवारी सकाळी पॅन्ट्रीत या. ताक माझं, वाडगा आपापला आणा!